बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर : दुरुस्तीच्या नोंदी

१६ जून २०२४

माळ्यावरची खोकी आज खाली उतरवली. एक स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, दोन स्पीकरच्या पेट्या, एक रेकॉर्ड प्लेअर आणि बाबांची दोनशे पानी वही, एवढा ऐवज निघाला. बाबांनी हा अ‍ॅम्प्लिफायर १९७९ साली स्वतः जुळवला, असे वहीच्या पहिल्या पानावरून दिसते. तो शेवटचा कधी वाजला, हे घरात कोणालाच नक्की आठवत नाही. आईच्या मते १९९६ मध्ये सीडी प्लेअर घरात आला, त्यानंतर तो एकदाच गणपतीत लावला होता.

यंत्राचे खोके सागवानी प्लायचे असून त्यावरचे पॉलिश अजून टिकून आहे. समोरची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि तिच्यावर चार बटणे आहेत : व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, बॅलन्स. बॅलन्स आणि चालू-बंदच्या खटक्यामध्ये एक भोक पाडलेले असून त्याला रबरी बूच लावलेले आहे. मागे इनपुटसाठी पाच टाचण्यांचे डिन सॉकेट (जुन्या पद्धतीचे गोल) आहेत, जे आजच्या नेहमीच्या वायरींना बसत नाहीत.

यंत्र मेन्सला जोडलेले नाही. इतकी वर्षे पडून राहिलेले यंत्र थेट प्लगमध्ये घालून 'चालतेय का बघू' म्हणणे हा ते कायमचे बंद करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आईची अपेक्षा एका वाक्याची आहे : "आवाज पूर्वीसारखा यायला हवा, तेवढं बघ." मीही तेच उद्दिष्ट धरून या नोंदी सुरू करत आहे.

२३ जून २०२४

आज खोके उघडून पूर्ण जोडणी कागदावर उतरवली. छापील सर्किट नाही. बाबांनी टॅग बोर्डावर एकेक घटक टाचणीला टाचणी लावून झाळला आहे आणि वायरी मेणाच्या दोऱ्याने बांधल्या आहेत. ते टेलिफोन खात्यात होते. तिथल्या केबल बांधण्याच्या शिस्तीचा हात इथे ओळखू येतो.

शेवटच्या टप्प्यात डाव्या आणि उजव्या अशा प्रत्येक वाहिनीला 'टू एन ३०५५' जातीचे दोन ट्रान्झिस्टर आहेत. दोन्ही एकाच ध्रुवाचे, म्हणजे एनपीएन. आजच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये या जागी सहसा एक एनपीएन आणि त्याला पूरक, उलट ध्रुवाचा असा एक पीएनपी असतो. त्या काळी तेवढ्या ताकदीचा चांगला सिलिकॉन पीएनपी ट्रान्झिस्टर मिळणे कठीण आणि महागही होते, म्हणून खालच्या बाजूलाही एनपीएनच वापरून त्याच्या आधीचा लहान ट्रान्झिस्टर तेवढा उलट जातीचा लावत. या रचनेला अर्धपूरक म्हणता येईल. पुरवठा एकाच बाजूचा असल्यामुळे स्पीकरच्या आधी एक मोठा कंडेन्सर घालावा लागतो. त्याच्याशिवाय निम्मा पुरवठा, म्हणजे पंचवीसेक व्होल्ट, थेट स्पीकरच्या कॉइलवर बसेल.

अशी घरी जुळवलेली यंत्रे तेव्हा हौशी लोकांकडे दिसत, कारण तयार यंत्र मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होते. परदेशी यंत्रांवर आयातबंदी आणि जबर जकात होती, देशी कंपन्यांचे स्टिरिओ काही महिन्यांच्या पगाराएवढे पडत. त्यामुळे ज्याला तबकड्या ऐकण्याची हौस होती, त्याला बहुधा डाग देण्याची विद्याही शिकावी लागे. ऐकणारा आणि बांधणारा हे दोन वेगळे छंद झाले, ते पुढे. वहीत ठिकठिकाणी 'लॅमिंग्टन रोड' (मुंबईतला सुट्या भागांचा बाजार) अशी नोंद आहे आणि पुढे वस्तूंची यादी. पुण्यात न मिळालेली प्रत्येक वस्तू पुढच्या मुंबई फेरीवर ढकललेली दिसते.

वहीतला सर्किटचा नकाशा आणि प्रत्यक्ष जोडणी यांत तीन ठिकाणी फरक आढळला. दोन ठिकाणी रेझिस्टन्सचा आकडा थोडा वेगळा आहे, तो जे हाताशी आले ते लावण्याचा प्रकार असावा. तिसरा फरक असा, की व्हॉल्यूमनंतर १० किलोओहमच्या रेझिस्टन्सपुढे दोन्ही वाहिन्यांत ४.७ नॅनोफॅरडचा एकेक कंडेन्सर जमिनीला (अर्थला) जोडलेला आहे, आणि नकाशात तो मुळीच नाही. त्याचा डागही बाकीच्या डागांपेक्षा ओबडधोबड आहे. नंतर कोणीतरी केलेले ठिगळ समजून त्यावर लाल खूण केली. मूळ नकाशाप्रमाणे करायचे, तर हे काढावे लागेल.

३० जून २०२४

सर्व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काढून मोजले. मुख्य फिल्टरचा २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ९०० दाखवतो. तो अर्धमेला झाला, की पुरवठ्यातली १०० हर्ट्झची लहर पुरती गाळली जात नाही आणि स्पीकरमधून सतत 'घूं' ऐकू येते. उजव्या वाहिनीचा स्पीकरच्या आधीचा कंडेन्सर १००० ऐवजी ४०० वर आला आहे. ८ ओहमच्या स्पीकरसाठी १००० मायक्रोफॅरडने खर्जाची सीमा २० हर्ट्झच्या आसपास राहते, ४०० ने ती ५० हर्ट्झवर चढते. म्हणजे तबल्याचा डग्गा उजवीकडे डावीपेक्षा बारीक वाजत असणार.

दुसरा मुद्दा व्होल्टेजचा. ट्रान्सफॉर्मरचे प्राथमिक वेटोळे २२० व्होल्टसाठी वळवून घेतलेले आहे. वहीत एका संध्याकाळचा आकडा २१० असा लिहिला असून शेजारी 'दिवे मंद' असा शेरा आहे. आज दुपारी माझ्या प्लगमध्ये २४२ व्होल्ट होते. बाबांच्या नोंदीतला ४८ व्होल्टचा पुरवठा आता हिशेबाने ५३ च्या आसपास जाईल, आणि जुने कंडेन्सर आहेत ५० व्होल्टचे. ते चांगले निघाले असते तरी बदलावेच लागले असते. नवे ६३ व्होल्टचे घ्यायचे ठरवले.

बटणांचे पॉट, म्हणजे बटणामागचे फिरते रेझिस्टन्स, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून फिरवले. व्हॉल्यूम, बास आणि बॅलन्स साफ झाले. ट्रेबलचा पॉट मात्र उजव्या टोकाला, शेवटच्या पाव फेऱ्यात, अजून खरखरतो. उघडून पाहिले तर कार्बनचा पट्टा बाकी सगळीकडे धड असून नेमका त्या टोकाला झिजलेला आहे. असे का, ते समजले नाही. तूर्त तसाच बसवला.

७ जुलै २०२४

पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो होतो. बाबांबरोबर लहानपणी इथे आलो, तेव्हा दुकानांच्या फळीवर पत्र्याच्या डब्यांत रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स असत आणि गिऱ्हाईक हातातली यादी वाचून दाखवत असे. दुकानदार यादी ऐकूनच विचारी, "रेडिओ की अँप्लिफायर?" आज त्याच गल्लीत एलईडीच्या माळा, सीसीटीव्ही कॅमेरे, मोबाइलचे सुटे भाग आणि चार्जर यांनी दर्शनी जागा व्यापली आहे. सुटे भाग अजूनही मिळतात, पण ते दुकानाच्या आतल्या बाजूला गेले आहेत.

मी कंडेन्सर मागितले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने अत्यंत सद्भावनेने एक तयार पट्टी पुढे केली. हाताच्या तळव्याएवढ्या त्या पट्टीवर ब्लूटूथ, पेन ड्राइव्हची जागा आणि 'टीपीए ३११६' ही डी-वर्गातली, आवाज वाढवणारी चिप होती. "काका, हे लावा ना, त्या सगळ्यापेक्षा भारी वाजेल." तो चुकीचे बोलत नव्हता. ती चिप योग्य पुरवठ्यावर वाहिनीमागे ५० वॅटपर्यंत देऊ शकते, घेतलेल्या विजेतला फार थोडा भाग उष्णतेत घालवते आणि तिला लागणारा उष्णताशोषक माझ्या अंगठ्याएवढा असतो. बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद कागदावर २५ वॅट आहे आणि त्याची मागची बाजू इस्त्रीसारखी तापत असे. ती पट्टी एका संध्याकाळच्या बाहेरच्या जेवणाच्या किमतीत मिळते. मी तीही विकत घेतली, तुलनेसाठी.

या छंदातला बदल मला त्या काउंटरवर नेमका दिसला. १९९१ नंतर आयात हळूहळू खुली झाली, परदेशी यंत्रे राजरोस दुकानांत आली आणि घरी जुळवण्याचे आर्थिक कारण संपले. त्यानंतर जो जुळवत राहिला, तो पैसे वाचतात म्हणून नव्हे, तर हाताला काम हवे म्हणून. आता तर जुळवणे महाग पडते. माझ्या आजच्या खरेदीत कंडेन्सर, दोन ट्रान्झिस्टर, उष्णतावाहक लेप आणि वायरी यांचे बिल त्या तयार पट्टीच्या तिप्पट झाले.

९ जुलै २०२४

उजव्या वाहिनीतला एक 'टू एन ३०५५' आतून आरपार जोडला गेलेला (शॉर्ट) निघाला. त्याच्या जागी परवा घेतलेला लावण्याआधी दोन्ही नवे वजन करून पाहिले. जुना ट्रान्झिस्टर जाडजूड असून नव्यांपैकी एक त्याच्या मानाने फारच हलका भरला. त्याचे टोपण करवतीने कापले. आतली सिलिकॉनची चकती दीड मिलिमीटरची होती. जळालेल्या जुन्यातली चकती त्याच्या तिप्पट लांबी-रुंदीची आहे. हा माल नकली आहे. एवढीशी चकती १५ अँपिअर सोडाच, पाचलाही राख होईल. दुसरा नवा मात्र आतून-बाहेरून बरा दिसतो, मोजमापही पटते. तोच वापरणार.

दुकानदाराशी वाद घालायला परत जाणार नाही. त्यालाही तो असाच मिळाला असेल.

२१ जुलै २०२४

सगळे कंडेन्सर बदलून आज प्रथम वीज दिली. ६० वॅटचा पिवळा बल्ब मालिकेत जोडला होता. आत कुठे शॉर्ट असेल तर सगळे व्होल्टेज बल्ब गिळतो आणि यंत्र वाचते. बल्ब क्षणभर भगभगला आणि मंदावला. ही खूण चांगली. अशा कामासाठी आता जुना तंतूचा बल्ब शोधावा लागतो, कारण एलईडी बल्ब मालिकेत जोडून काही उपयोग नाही. मी चार बल्ब राखून ठेवले आहेत.

पुरवठा ५४ व्होल्ट. डाव्या वाहिनीच्या दोन ट्रान्झिस्टरांमधला मध्यबिंदू २७.२, म्हणजे बरोबर अर्ध्यावर. उजवीचाही २६.८. तरीही उजवा उष्णताशोषक कोणताही आवाज नसताना दहा मिनिटांत तापला. विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावल्यावर कारण दिसले : कानाला ऐकू न येणाऱ्या, काही लाख हर्ट्झच्या कंपनाने वाहिनी स्वतःच डोलत होती. १९७०च्या दशकातले मूळ 'टू एन ३०५५' आजच्या मानाने मंद होते. त्याच नावाने आज मिळणारे वेगळ्या पद्धतीने घडवलेले असून बरेच चपळ आहेत. बाबांच्या सर्किटचा तोल जुन्याच्या मंदपणावर सांभाळलेला होता. नाव तेच, स्वभाव मात्र बदललेला. आधीच्या टप्प्यातला ४७ पिकोफॅरडचा कंडेन्सर १०० चा केल्यावर डोलणे थांबले. मोजणीत २० किलोहर्ट्झपर्यंत काही फरक पडला नाही.

नकाशात नसलेले ते ४.७ नॅनोफॅरडचे दोन्ही कंडेन्सर याच बैठकीत काढून टाकले. आता यंत्र वहीतल्या मूळ नकाशाबरहुकूम आहे.

२६ जुलै २०२४

काम नाही. काल खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरे बुडाली, तिकडच्या नातेवाइकांकडे दिवस गेला. घरात हवा इतकी दमट आहे, की तबकड्यांच्या खोक्यातली पुठ्ठ्याची वेष्टने हाताला ओलसर लागतात.

४ ऑगस्ट २०२४

स्पीकरच्या पेट्या. आठ इंची मोठ्या स्पीकरच्या कागदाभोवतीची फोमची कड बोट लावताच चुरमुऱ्यासारखी गळाली. या फोमचे दमट हवेत हळूहळू विघटन होते, वाजवा अथवा न वाजवा. गंमत अशी, की जिथे कागदाचीच वळी असते असे स्वस्त स्पीकर याच हवेत चाळीस वर्षे टिकलेले मी पाहिले आहेत.

नवी कड मागवली होती. जुन्या फोमचा अंश स्पिरिटने खरवडून काढला, मधली टोपी उघडून कॉइलभोवती फोटो फिल्मच्या पट्ट्या सरकवल्या म्हणजे कॉइल मध्यावर राहते, मग कड चिकटवली. चोवीस तासांनी पट्ट्या काढून ३० हर्ट्झचा स्वर हळू आवाजात दिला. घासण्याचा आवाज नाही. दीड व्होल्टच्या सेलने ध्रुव तपासले, दोन्ही कागद बाहेरच्या बाजूला येतात. उंच स्वरांच्या लहान स्पीकरआधी ४.७ मायक्रोफॅरडचा एकच कंडेन्सर आहे, हीच काय ती विभागणी. ८ ओहमला ती ४२०० हर्ट्झच्या आसपास बसते. कोणीही जाणकार आज याला नाक मुरडेल. मी मोजले, आलेख फारसा वाईट नाही, बदलत नाही.

११ ऑगस्ट २०२४

रेकॉर्ड प्लेअर. मोटरची फिरती दांडी रबरी चाकाला आणि ते चाक ताटाच्या आतल्या काठाला फिरवते, अशी ही जुनी रचना आहे. रबर कडक झाले होते. बारीक सँडपेपरने पृष्ठभाग हलका खरवडला, स्पिरिटने पुसला, मोटरच्या बुशांना पातळ तेलाचे दोन थेंब दिले.

वेग तपासण्यासाठी रेघांची चकती ताटावर ठेवली. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, त्या प्रकाशात १८० रेघांचे वर्तुळ ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला स्थिर दिसते. चकती ठेवली आणि रेघा दिसेचनात, नुसता करडा पट्टा. मोटर बिघडली असे समजून मी अर्धा तास घालवला. दोष दिव्याचा होता. घरातले सर्व दिवे आता एलईडीचे आहेत आणि त्यांतले बरे दिवे लुकलुकतच नाहीत. शेवटी जुन्या स्विचबोर्डावरचा निऑन इंडिकेटर काढून वायरीला जोडला आणि त्याच्या नारिंगी उजेडात रेघा उमटल्या. दर सेकंदाला सुमारे दोन रेघा मागे सरकत होत्या. एक रेघ म्हणजे एक टक्का, तेव्हा ताट दोन टक्के मंद होते. रबर पुन्हा पुसून आणि स्प्रिंगचा ताण वाढवून ते तीन सेकंदांत एका रेघेवर आणले. दोन टक्के किरकोळ वाटतात, पण पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा तो एक तृतीयांश होतो, आणि आईने तीस वर्षे पेटी वाजवली आहे.

कार्ट्रिज, म्हणजे सुईचे कंपन विजेत बदलणारा भाग, सिरॅमिक असून त्याला दोन सुया आहेत. दांडी उलटी केली की दुसरी सुई खाली येते. एलपीची खाच अरुंद, तिला बारीक सुई लागते. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीची खाच तिच्याहून कितीतरी रुंद, तिला जाड सुई. ही जाड सुई एलपीवर टेकवली तर तबकडी कायमची खराब होते, म्हणून बाबांनी दांडीवर लाल रंगाचा ठिपका दिला आहे. सुईचा भार पाच ग्रॅमवर ठेवला. मित्रांचा आग्रह चुंबकीय कार्ट्रिज आणि वेगळा प्रीअ‍ॅम्प बसवण्याचा आहे. ते कार्ट्रिज खरोखर अधिक बारकाईने वाचते, पण ते दीड-दोन ग्रॅमवर चालण्यासाठी सुई धरणाऱ्या हाताची घडण जितकी हलकी लागते तितकी ही नाही. हा विचार सोडला.

जाता जाता एक नोंद : खोक्यात आजीच्या लाखेच्या तबकड्या आहेत, बहुतेक बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या. त्यांवर बुरशी आली आहे. एलपी पुसायला वापरतो ते स्पिरिटचे पाणी यांना लावायचे नाही, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. साधे पाणी, एक थेंब साबण, मऊ कापड.

१८ ऑगस्ट २०२४

आज जोडणी पूर्ण करून आईला ऐकवले. मुंबईतल्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसची चिठ्ठी अजून वेष्टनावर असलेली एक एलपी तिने स्वतः निवडली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले, हे तिला माहीत नव्हते आणि ते ऐकून ती जरा वेळ चिठ्ठीकडेच बघत राहिली.

यंत्र निर्दोष वाजले. 'घूं' नाही, दोन्ही बाजू सारख्या, तंबोऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. मला समाधान वाटले. आईने एक पूर्ण बाजू ऐकली आणि म्हणाली, "छान आहे. पण हा तो आवाज नाही. तो असा टोचत नव्हता."

माझे पहिले उत्तर मनातल्या मनात असे होते, की पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज कोणाला आठवतो. आठवण गोड असते आणि कानांचे वय होते. परंतु वयाने कानातून प्रथम उंच स्वर जातात. आईला आवाज बोथट वाटला असता तर ते स्पष्टीकरण चालले असते. तिला तो टोचतो आहे. तेव्हा तिची तक्रार मोजून पाहिलीच पाहिजे.

२४ ऑगस्ट २०२४

तीन रात्री मोजमाप केले. लॅपटॉपचे साउंड कार्ड आणि मोजणीचे मोफत सॉफ्टवेअर वापरून इनपुटपासून स्पीकरपर्यंतचा आलेख काढला. सर्व बटणे मध्यावर ठेवली, तर ३० हर्ट्झपासून १५ किलोहर्ट्झपर्यंत रेघ जवळपास सरळ आहे. नंतर काढून ठेवलेले ४.७ नॅनोफॅरडचे कंडेन्सर पुन्हा त्यांच्या जागी तात्पुरते टोचले. आलेख ३४०० हर्ट्झपासून उतरू लागला आणि १० किलोहर्ट्झला दहा डेसिबल खाली गेला. आईला हाक मारली. न सांगता दोन्ही प्रकारे तीच बाजू लावली, दोनदा क्रम बदलून. दोन्ही वेळा तिने कंडेन्सर असलेला आवाज ओळखला : "हाच."

म्हणजे आम्ही घरात ज्याला 'जुन्या यंत्राचा उबदार आवाज' म्हणत होतो, आणि जो मीही चारचौघांत ट्रान्झिस्टर, लाकूड आणि तबकडी यांच्या खात्यावर मांडत आलो, तो पाच पैशांच्या दोन कंडेन्सरांचा होता.

मग ते लावले कोणी आणि का, हे शोधण्यासाठी वही पहिल्यापासून वाचली. नकाशाच्या पानानंतर चाळीसेक पाने सोडून, किराण्याच्या हिशेबाच्या शेजारी, पेन्सिलीने एक ओळ आहे : 'आईच्या तबकड्यांना खरखर फार. ४.७ लावून बरी. स्विच हवा, पुढील मुंबई फेरीत.' आई म्हणजे बाबांची आई, माझी आजी. खाली पुन्हा एक यादी, तीत 'डीपीडीटी टॉगल १', म्हणजे एका खटक्यात दोन्ही वाहिन्या बदलणारा स्विच. त्यावर काट मारलेली नाही.

आता सगळे जुळते. लाखेच्या तबकडीत दळलेला दगडाचा भुकटा असतो, त्यामुळे सुई फिरताना सतत खरखर होते. ती बरीचशी उंच स्वरांत असते, आणि त्या जुन्या मुद्रणांत त्या उंचीवर संगीत फारसे नसतेच. तेव्हा तिथला आवाज कापला तर खरखर जाते आणि गाणे राहते. भारतात ७८ च्या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, आजीचा संग्रह तोवरचा आहे, आणि १९७९ मध्ये ती रोज दुपारी त्या ऐकत असे. बाबांनी तिच्यासाठी गाळणी लावली. एलपी लावताना ती बाजूला करण्यासाठी स्विच बसवायचा होता, त्यासाठी पट्टीवर भोकही पाडून ठेवले, आणि तो स्विच कधी आलाच नाही. बूच लागले. पुढे घरात आलेली प्रत्येक एलपी त्या गाळणीतूनच वाजली.

आणि ट्रेबलच्या पॉटचे उजवे टोक. ते झिजले, कारण बाबा एकटे ऐकताना ट्रेबल शेवटपर्यंत चढवून स्वतःच्याच गाळणीची भरपाई करत असणार. मोजून पाहिले : गाळणी लावून ट्रेबल टोकाला नेला, तर १० किलोहर्ट्झला रेघ जवळजवळ पुन्हा शून्यावर येते, फक्त तीन किलोहर्ट्झच्या आसपास किंचित फुगवटा राहतो. आईला मी हे सांगितले. ती म्हणाली, की रात्री ते उशिरापर्यंत ऐकत बसायचे खरे, सकाळी ते बटण तिला मध्यावर आणावे लागे. तेव्हा आईला आठवतो तो बाबांच्या यंत्राचा आवाज आहे, पण बाबांना आवडणारा आवाज तो नव्हे. तो आजीसाठी केलेला होता.

'पूर्वीसारखा' हे उद्दिष्ट मी १६ जूनला एक शब्द समजून लिहिले होते. १९७९च्या या घरात निदान दोन आवाज होते आणि ते एका बटणाच्या पाव फेऱ्याने वेगळे होत होते.

१ सप्टेंबर २०२४

बाबांच्या यादीतली राहिलेली वस्तू आज आणली. डीपीडीटी टॉगल, दोन्ही वाहिन्या एकदम जोडणारा. अडचण अशी आली, की भोक त्या काळच्या दणकट स्विचच्या मापाचे, म्हणजे अर्ध्या इंचाचे आहे आणि आजच्या लहान टॉगलला सहा मिलिमीटर पुरतात. जुन्या मापाचा स्विच तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात मिळाला, पण त्याच्या खटक्याचा आवाज स्पीकरमधून बंदुकीसारखा आला. दोन्ही टोकांना १ मेगाओहमचे रेझिस्टन्स जोडून तो शांत केला.

काढलेले मूळ कंडेन्सरच पुन्हा लावले आहेत. मोजमाप चांगले आहे. खटका खाली : गाळणी चालू. वर : बंद. पट्टीवर काहीही लिहिलेले नाही.

८ सप्टेंबर २०२४

कालच्या गणेश चतुर्थीला यंत्र दिवसभर चालले. आजीच्या तबकड्यांपैकी पाच वाजण्याजोग्या निघाल्या, एकीला किनारीपासून तडा आहे, तिच्यावर सुई टेकवली नाही. गाळणी चालू असताना खरखर मागे सरते आणि गंधर्वांचा आवाज पुढे येतो, हे बाबांनी काय साधले होते ते प्रथमच त्याच्या खऱ्या जागी ऐकले. एलपीसाठी मी खटका वर करतो. आई खोलीत आली, की तो खाली करते. मुलीला दोन्हींत फरक कळतो, तिला वरचा आवडतो, मात्र तिचे ऐकणे मुख्यतः हेडफोनवरच होते.

तपकीर गल्लीतली ब्लूटूथची पट्टी त्याच स्पीकरांना जोडून पाहिली. तिचा आलेख बाबांच्या यंत्रापेक्षा सरळ आणि खरखर कमी आहे. ती प्लास्टिकच्या डब्यात घालून स्वयंपाकघरात दिली, तिथे ती सकाळी आकाशवाणीच्या अ‍ॅपवर वाजते.

उरलेली कामे : डिन सॉकेटला जोडायची दुसरी वायर तयार करणे, डाव्या स्पीकरच्या पेटीच्या मागच्या फळीचा एक स्क्रू सैल आहे, खर्जात थरथरतो, ट्रेबलचा पॉट. नवा पॉट आणून ठेवला होता, पण बसवत नाही. जुना खरखरतो तो फक्त उजव्या टोकाला, आणि आता तिथपर्यंत बटण नेण्याची कोणाला गरज पडत नाही.